अकरावी नोंद

सहस्रकाने सारिका नांदवडेकरला एक हजार वेळा डोंगरी वैद्यकीय महाविद्यालयात घातलं, आणि त्यांतल्या नऊशे एकोणसाठ वेळा ती शिक्षण अर्धवट टाकून घरी परत आली. बहुतेक वेळा तिसऱ्या वर्षी.

“म्हणजे उरल्या एक्केचाळीस,” समुपदेशक मृदुला करमळकर पडद्याकडे बघत म्हणाल्या. “हजारात एक्केचाळीस. वाईट वाटून घेऊ नका, पण हे कॉलेज यादीतून काढा.”

सारिकाला वाईट वाटलं नाही, राग आला. चौदा वर्षं हेळेवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका म्हणून काढलेली एकोणचाळीस वर्षांची बाई पहाटेची एसटी धरून गडहिंग्लजपर्यंत आली होती, ती हे ऐकायला नव्हे.

‘दुसऱ्या दारा’चा कायदा होऊन चार वर्षं झाली होती. बारावीच्या मुलांसाठी नेहमीचं दार होतंच. हे दुसरं, ज्यांनी दहा वर्षं कुठलंतरी काम केलंय आणि वयाची चाळिशी ओलांडलेली नाही त्यांच्यासाठी. आधी लेखी परीक्षा. ती सारिकाने प्रसूतिगृहाच्या टेबलावर दोन वर्षं पुस्तकं उघडी ठेवून, अभ्यास करून दिली आणि ती पासही झाली. मग अर्ज, आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त तीन कॉलेजांना. त्या तिन्ही कॉलेजांत सहस्रक हे सरकारी संगणकयंत्र तुम्हाला चालवून बघतं आणि जिथे तुमचा आकडा सगळ्यात मोठा येतो तिथे तुमचं नाव जातं; पाचशेच्या खाली राहिला तर कुठेच नाही. तुमची आवड कुणी विचारत नाही. अर्जाआधी अशी एक चाचणी फुकट मिळे, ती आज झाली होती.

सारिकाच्या वहीत तीन कॉलेजांची तीन पानं होती. खाडीकाठच्या कॉलेजच्या पानावर फारसं काही नव्हतं, ते आपलं तिसरं हवं म्हणून होतं. शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजपुढे लिहिलं होतं: वसतिगृह चांगलं, एका रात्रीत घरी पोचता येतं, नेमणूक शहरातच. डोंगरीपुढे: सातपुड्यात, घरापासून दीड दिवस, थंडी फार, पहिल्या वर्षापासून वॉर्डात काम. आणि खाली दोनदा अधोरेखित केलेली ओळ: ज्या केंद्रातून आलात त्याच केंद्रात डॉक्टर म्हणून नेमणूक. एवढ्या एका ओळीसाठी तिने दोन वर्षं झोप मोडली होती.

“आणि शहरातलं?” तिने विचारलं.

“सहाशे चाळीस!” करमळकर बाईंचा चेहरा उजळला. “उत्तम आहे. डोळे मिटून भरा.”

“एकाच बाईचे एवढे वेगवेगळे आकडे कसे?”

करमळकर बाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली. हा प्रश्न त्यांना रोज कुणीतरी विचारत असणार, तरी त्या कंटाळलेल्या दिसल्या नाहीत.

“सहस्रक हुशारी मोजत नाही, सारिकाताई. हुशारी लेखी परीक्षेत मोजून झाली. ते तुमच्या कामाच्या सगळ्या नोंदी वाचतं आणि त्यांतली वळणं शोधतं. वळण म्हणजे जिथे माणूस दोन्हीकडे जाऊ शकत होता अशी जागा. तिथे तुम्ही थांबलात की पुढे गेलात, कुणाला हाक मारलीत, चुकल्यावर काय केलंत. त्यावरून तुमची एक छाया तयार होते. ती छाया कॉलेजात सोडायची. एकदा सोडली तर योगायोगाने काहीही होईल, म्हणून हजार वेळा. कधी तिला खोलीतली मैत्रीण चांगली मिळते, कधी घरी कुणी आजारी पडतं, कधी परीक्षेच्या दिवशी ताप. हजारांपैकी किती छाया डॉक्टर होऊन बाहेर पडल्या, तो तुमचा आकडा.”

“आणि माझ्या छाया डोंगरीत तिसऱ्या वर्षी काय करतात?”

“तिथे तिसऱ्या वर्षी विद्यार्थ्याला पाड्यावरच्या केंद्रात एकटं ठेवतात. शिक्षक सोबत नसतो.” बाईंनी पडद्यावर एक यादी आणली. “तुमच्या नोंदींत एकतीस अवघड वळणं सापडली. पायाळू बाळं, अडकलेली वार, न रडणारी मुलं. एकतिसांपैकी एकतीस वेळा तुम्ही बाजूला झालात आणि डॉक्टरांनी हात घातला. शहरात हे चालतं, तिथे हाकेच्या अंतरावर वरिष्ठ असतात. डोंगरीत नाही चालत.”

सारिकाने यादी वाचली. अडचण, परिचारिका बाजूला, डॉक्टर हळदणकर यांनी हाताळले. अडचण, परिचारिका बाजूला, डॉक्टर हळदणकर यांनी हाताळले. मग तिने तारखांवरून बोट फिरवलं आणि मोबाइलमधलं कॅलेंडर काढून वार बघायला लागली. वीस तारखा इतर वारांच्या होत्या. अकरा मात्र मंगळवारच्या नाहीतर शुक्रवारच्या.

“नापास झालेलं त्याला चालतं का?” तिने एकदम विचारलं.

“खूप चालतं. पुढच्या वेळी काय केलंत, ते त्याला हवं असतं. का?”

“सहज.”

दुपारच्या एसटीत तिला खिडकी मिळाली, पण बाहेर लक्ष नव्हतं. डॉक्टर हळदणकरांच्या पत्नीची, मंदाकिनीवहिनींची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना बेळगावला नेऊन रक्त शुद्ध करून आणावं लागे. डॉक्टर स्वतः न्यायचे. सात वर्षं अशी गेली. त्या दिवशी केंद्रात कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं, साहेब फिरतीवर गेलेत. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि सगळं गाव तसंच सांगायचं, कारण डॉक्टर भला माणूस होता आणि आठवड्याचे बाकीचे पाच दिवस तो चोवीस तास हजर असे.

पण बाळं वार बघून येत नाहीत. घाटातल्या तुटक्या नेटवर्कवर जिल्ह्याचा तज्ज्ञ डॉक्टर पडद्यावर दिसायला लागेपर्यंत बाळाचे पाय बाहेर आलेले असत. मग सारिका हात धुऊन पुढे व्हायची. आणि सगळं आटोपलं की टॅबवर डॉक्टरांचा परवलीचा शब्द घालून, तो ‘मंदाकिनी’च होता, स्वतःच नोंद करायची: डॉक्टर हळदणकर यांनी हाताळले. नर्सने हे करणं नियमात बसत नव्हतं आणि डॉक्टर जागेवर नसणं त्याहून बसत नव्हतं. दोघांचंही भागत होतं. आपण आपल्याच हाताने आपल्याला पुसून काढतोय, हे तेव्हा तिच्या डोक्यातही आलं नाही.

*

“सहाशे चाळीस म्हणजे झकास की,” तिचा नवरा दयानंद आकड्यांचं आणि नोंदींचं सगळं ऐकून जेवताना म्हणाला. तो वीज मंडळात वायरमन होता आणि कुठल्याही गोष्टीत सुरक्षित बाजू आधी बघायची त्याला सवयच होती. “शहरात जा. पोरगी नववीत जाईल, तिलाबी घेऊन जा. डॉक्टरीण झालीस म्हणजे झालं.”

“आणि इथं कोण येणार?”

“येईल कोणतरी.”

“बारा वर्षांत हळदणकरांशिवाय कोण टिकलं इथं? एक दीड महिना, एक चार दिवस. एकजण तर सामान न सोडताच परत गेला.”

दयानंद हसला, मग हसायचा थांबला. “नोंदी दुरुस्त करायच्या म्हणतेस? साहेबांचा सत्कार शनिवारी आहे, सारिका. जिल्ह्याचा पुरस्कार आहे. अवघड बाळंतपणं सुखरूप केल्याबद्दल.”

“माहीत आहे.”

“तुझ्यावरबी चौकशी लागेल. परवान्याबाहेर काम केलंस म्हणून.”

“तेही माहीत आहे.”

तो बराच वेळ भात चिवडत बसला. “माझं ऐकायचं असतं तर विचारलंच नसतंस,” म्हणाला आणि ताट घेऊन उठला. जाताना तिचंही ताट त्याने उचललं.

*

गुरुवारी संध्याकाळी डॉक्टर हळदणकर क्वार्टरमध्ये पुस्तकं बांधत होते. महिनाअखेर निवृत्ती होती. वहिनींना जाऊन वर्ष झालं होतं, पण त्यांची औषधांची पेटी अजून खिडकीतच होती.

“सर, मंगळवार-शुक्रवारच्या नोंदी दुरुस्त करायच्यात,” सारिका उभ्यानेच म्हणाली.

डॉक्टरांना पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनी सुतळी खाली ठेवली. “किती आहेत?”

“अकरा.”

“अकराच? मला वाटलं होतं जास्त असतील.” मग त्यांचा आवाज चढला. “शनिवारी सत्कार आणि तुम्हाला गुरुवारी आठवलं, सिस्टर? दोन वर्षं तुम्हाला शरीरशास्त्र कुणी शिकवलं? ह्याच खोलीत?”

“तुम्ही.”

“मग?”

“तुम्ही शिकवलंत म्हणूनच आधी तुमच्याकडे आले, सर. नाहीतर सरळ तक्रारच केली असती.” तिने सहस्रकाची यादी दाखवली, आकडे सांगितले.

“शहरात सहाशे चाळीस आहेत ना? घ्या की ते.”

“ते आकडे माझे नाहीत. अडचण आली की बाजूला होणाऱ्या एका बाईचे आहेत. तिला खुशाल जाऊ दे शहरात. मला इथे परत यायचंय.”

डॉक्टर खिडकीतल्या पेटीकडे बघत राहिले. “मंदा विचारायची,” ते हळू म्हणाले. “गाडीत बसलो की दर वेळी. आज कुणाला सोडून आलात म्हणून. मी म्हणायचो, सिस्टर आहेत. ती म्हणायची, मग ठीक.”

त्यांनी टॅब पुढे ओढला. दुरुस्तीचा नियम साधा होता: नोंद ज्याच्या नावावर आहे त्याचा अंगठा, नाहीतर त्या रुग्णाचा. प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना आपोआप जायची. डॉक्टरांनी एकेक नोंद नीट वाचली आणि दहा वेळा अंगठा टेकला. अकराव्या नोंदीवर त्यांचा हात थांबला.

सहा वर्षांपूर्वीचा शुक्रवार. कोमल गावडे, पहिलं बाळंतपण, पायाळू. डोकं अडकलं. बाळ मृत.

“हे नाही,” डॉक्टर म्हणाले.

“हेही माझंच आहे, सर.”

“हे मूल माझ्या नावावर राहू दे. मी तिथे नव्हतो, सिस्टर. निदान कागदावर तरी असू दे.” त्यांनी चष्मा काढला. “आणि हे तुमच्या नावावर गेलं तर तुमचा जो काही आकडा चढेल, तो पुन्हा पडेल. कशाला अंगावर घेता?”

“पडू दे. दहा चांगल्या माझ्या आणि एक वाईट तुमची, असं कसं चालेल? मग त्या दहाही खोट्याच की.”

“मी अंगठा देणार नाही,” डॉक्टर म्हणाले आणि पुन्हा सुतळी हातात घेतली.

*

राहिली कोमल. त्या शुक्रवारनंतर सारिका तिच्याशी धड बोलली नव्हती. वाटेत दिसली की काहीतरी आठवल्यासारखं करून वळायची. कोमलला धाकटी मुलगी झाली तेव्हाही कामापुरतं बोलली. आता तिच्यासमोर उभं राहून, तुझ्या मुलाच्या वेळी डॉक्टर नव्हतेच, मी होते, असं सांगायचं होतं. रात्रभर तिने वाक्यं जुळवली आणि सकाळी काजूच्या कारखान्यात पोचेपर्यंत सगळी विसरली.

कोमल ओळीत बसून भाजलेल्या बिया फोडत होती. सारिकाला बघून ती हात पुसत बाहेर आली.

“कोमल, तुझ्या पहिल्या बाळंतपणाचं बोलायचंय.” सारिकाने श्वास घेतला. “त्या दिवशी डॉक्टरसाहेब नव्हते. बाळ मी काढलं. माझ्या हातून ते...”

“मग?”

“रजिस्टरात साहेबांचं नाव आहे.”

“रजिस्टरात काय बी असंल,” कोमल म्हणाली. “मी तिथंच हुते की, बाई. शुद्धीत हुते. तुमचेच हात हुते. तुमी काय मलाच सांगाय आलाय?”

सहा वर्षं जी गोष्ट ती लपवत होती, ती ज्या एका माणसापासून लपवायची त्यालाच पहिल्या मिनिटापासून ठाऊक होती. ती कारखान्याच्या पायरीवर बसली आणि रडली. आतल्या बायका बघत होत्या, बघू देत.

कोमल शेजारी टेकली. “तुमी दिसला की मान खाली घालून जायचा. मला वाटायचं, बाईंनाच बोलवत न्हाई तर आपण कशाला काढा. धाकटीच्या वक्ताला मी मुद्दाम इचारून आले हुते, नांदवडेकरबाई हाईत का म्हणून. मगच रिक्षात बसले.”

“मला माहीत नव्हतं.”

“तुमी इचारलंच न्हाई.”

सारिकाने डोळे पुसले आणि सगळं सांगितलं: अर्ज, डोंगरावरचं कॉलेज, अकरावी नोंद. कोमलने निम्मंच ऐकलं असेल. “अंगठाच पायजे न्हवं? आणा हिकडं,” म्हणाली.

टॅबने अंगठा घेतला नाही. पुन्हा टेकवला, नाही. हात साबणाने धुऊन टेकवला, नाही. मग दहाही बोटं झाली. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं; आठ वर्षं बिया फोडून कोमलच्या बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती.

“रेशनलाबी असंच हुतंय,” ती म्हणाली. “तिथं डोळा घेत्यात.”

डोळ्याचं यंत्र तालुक्याला होतं आणि ते फक्त सोमवारीच उघडत असे. अर्ज रविवारी बंद होत होता. सारिकाने टॅब पिशवीत घातला. दहा नोंदी तर दहा, असं काहीतरी ती म्हणाली. पण त्यावर तिचाच विश्वास बसला नाही.

कोमलने कमरेचा पदर सोडला आणि मुकादमीणबाईंना आत ओरडून सांगितलं, तासाभरात आले म्हणून.

“कुठे?”

“साहेबांच्याकडं. चला.”

डॉक्टर दारातच होते. कोमलला बघून त्यांच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं.

“साहेब,” कोमल उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, “माझा अंगठा यंत्र घेत न्हाई. तुमचा द्या.”

“कोमल, त्या दिवशी मी...”

“नव्हता. म्हाईत हाय मला. काकींना घिऊन गेलता. त्येचं काय न्हाई, मी कधी बोल लावला न्हाई. पर ईस मिनिटं माझ्या पोराच्या तोंडात वारं भरत ही बाई बसली. मी बस म्हणाले तरी सोडंना. तिचं नाव तिथं लागू दे. तुमी त्येला बघितलंसुदिक न्हाई, साहेब. तुमच्या नावावर त्यो कशाला?”

डॉक्टरांनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. मग त्यांनी सारिकाकडे हात पुढे केला. तिने टॅब दिला. यंत्राने पहिल्यांदा त्यांचा अंगठा घेतला नाही. दुसऱ्यांदा घेतला.

*

शनिवारी शाळेच्या मैदानात मंडप होता तसाच होता, पण डॉक्टरांनी पुरस्कार घेतला नाही. त्यांनी माईकवरून अकरा तारखा वाचल्या, प्रत्येक तारखेपुढे मी गावात नव्हतो असं म्हणाले, आणि खाली बसले. जिल्ह्याहून आलेले पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. गावाने मात्र टाळ्या वाजवल्या, कारण गावाला यात नवीन काहीच नव्हतं.

रविवारी दुपारी सारिकाने अर्ज उघडला. पहिल्या चौकटीत डोंगरी लिहिलं. दुसऱ्या दोन रिकाम्या ठेवल्या, कारण शहराचा आकडा जरासा जरी मोठा निघाला असता तरी तिला तिकडे जावं लागलं असतं. खात्री आहे का, असं अर्जाने विचारलं. तिने हो म्हटलं. दोन जागा रिकाम्या आहेत, खात्री आहे का, असं पुन्हा विचारलं. दयानंद मागे उभा होता. “सांग त्येला, एकदा सांगितलेलं कळत न्हाई का,” तो म्हणाला.

जूनच्या शेवटी एकाच आठवड्यात दोन गोष्टी आल्या. एक परिचारिका परिषदेची नोटीस, परवान्याबाहेरील अकरा कामांचा खुलासा करा म्हणून. ती सारिकाने कपाटात ठेवली नाही, सोबत न्यायच्या पिशवीत घातली. खुलासा तिला पाठच होता. दुसरा करमळकर बाईंचा फोन.

“सहाशे त्रेपन्न!” त्या जवळजवळ ओरडल्याच. “नाव लागलं तुमचं. आणि सांगू का, नुसत्या दहा नोंदींवर मी चालवून बघितलं, तर आकडा चारशेच्या आतच राहत होता. चढला तो अकरावीने. मूल गेलं, आणि तेवीस दिवसांनी पुन्हा पायाळू आलं तेव्हा तुम्ही पुन्हा आत गेलात. ते वळण त्याला आता दिसलं.”

सारिकाने भिंतीला टेकून डोळे मिटले. त्या तेवीस दिवसांतला एकेक दिवस तिला आठवत होता.

“पण हुरळून जाऊ नका,” करमळकर बाईंचा आवाज पुन्हा कामाचा झाला. “अजूनही तीनशे सत्तेचाळीस वेळा तुम्ही अर्ध्यातून परत येताय. लक्षात असू द्या.”

“येऊ देत त्यांना, मॅडम,” सारिका म्हणाली. “मी एकदाच जाणार आहे.”